नोलीनची नऊ वर्षं

लोकरीची एक बट दोन्ही हातांच्या चिमटीत ताणून धरायची, कानाजवळ न्यायची आणि मधल्या बोटानं टिचकी मारायची. बट टिकली तर माल चांगला. तुटली तर समजायचं, ही मेंढी गेल्या वर्षात कधीतरी उपाशी राहिली आहे. नोलीन हॅडोला या टिचकीचीही फारशी गरज पडत नसे. त्रेसष्ट वर्षांची ही बाई टेबलावर पसरलेल्या लोकरीवरून नुसता हात फिरवायची आणि कोणत्या खणात टाकायची ते मान न वळवता सांगायची. कुरांगी गावाच्या पश्चिमेला जेवढे मेंढ्यांचे फार्म होते, तिथल्या मालकांना लोकरीच्या गासडीवर नोलीनचा प्रतवारीचा नंबर छापलेला दिसला की बाकी काही विचारायची गरज वाटत नसे.

ही झाली शेवटच्या नऊ वर्षांतली नोलीन. त्याआधी तिला कोणी कातरणीच्या शेडच्या दारात उभं करत नव्हतं. ती प्यायची, आणि पिऊन गाडी चालवायची. टेबलापाशी उभ्या उभ्या झोपायची. तिची एकुलती एक मुलगी ब्रॉनविन सोळाव्या वर्षी घर सोडून गेली, ती पुढं बरीच वर्षं आईच्या दारात गेली नाही. मग चोपन्नाव्या वर्षी एका सकाळी नोलीननं क्लॅरी डनला फोन केला. क्लॅरी हा पवनचक्क्या दुरुस्त करणारा म्हातारा. त्यानं स्वतः कधीकाळी दारू सोडली होती, आणि गावातल्या चर्चच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता तो सोडणाऱ्यांची बैठक घ्यायचा. बैठकीला माणसं चार, कधी तीन. नोलीन त्या गुरुवारी गेली आणि त्यानंतर कामावर लांब नसली तर एकही गुरुवार तिनं चुकवला नाही. तिच्या तोंडून मात्र बढाईचं एक अक्षर निघत नसे. कोणी विचारलं तर म्हणायची, "आज नाही प्यायले. उद्याचं उद्या."

आईनं दारू सोडल्यावरही तीन वर्षं वाट बघून ब्रॉनविन परत आली. आता ती एकोणचाळीसची होती आणि गार्थच्या टोळीत स्वयंपाकी होती. गार्थ म्हणजे मुकादम. कातरणारे, झाडणारे, गासड्या बांधणारे असे बारा-तेरा जण घेऊन तो या फार्मवरून त्या फार्मवर फिरायचा. सहा वर्षं मायलेकी एकाच टोळीत होत्या. आई शेडमध्ये, मुलगी चुलीपाशी. दोघी एकमेकींशी जपून बोलायच्या. काय बोलायचं नाही हे दोघींना पक्कं ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर बरं चाललं होतं.

फेब्रुवारीत, तिकडच्या भर उन्हाळ्यात, यारामा फार्मवर कातरणी लागायच्या आदल्या आठवड्यात नोलीनचं कपाळ जळायला लागलं. दोन दिवसांनी डाव्या भुवईच्या वर पुरळ उठलं, केसांत शिरलं आणि पापणीवर उतरलं. पाण्यानं भरलेले बारीक फोड, बरोबर अर्ध्याच कपाळावर, मधोमध रेघ मारल्यासारखे. नोलीन म्हणाली, कोळी फिरला असेल अंगावरून. औषधाच्या दुकानातल्या माणसानं लावायला मलम दिलं आणि डॉक्टरला दाखवा म्हणाला. कुरांगीत डॉक्टर यायचा फक्त मंगळवारी, आणि मंगळवारी टोळी यारामावर पोचलेली असणार होती.

ब्रॉनविन तिला एकदा म्हणाली, "आई, गार्थची गाडी घेऊन जा नि दाखवून ये."

"आणि तोवर लोकर कोण बघणार? तू?" नोलीन म्हणाली. "हे संपलं की जाईन."

ब्रॉनविननं पुन्हा विषय काढला नाही. आईचं डोकं दुखतंय, हे तिला दिसत होतं. आई एक डोळा मिटून काम करतेय, हेही दिसत होतं. पण बारा माणसांची पाच वेळची खाणीपिणी होती, पत्र्याखाली त्रेचाळीस अंश ऊन होतं, आणि आईनं नको म्हटल्यावर नको हे दोघींमध्ये ठरूनच गेलेलं होतं.

कपाळ जळायला लागल्याच्या दहाव्या दिवशी, बुधवारी, नोलीननं चहात मीठ घातलं. माणसं हसली, तीही हसली. मग तिनं ब्रॉनविनला कोरल म्हणून हाक मारली. कोरल ही नोलीनची बहीण, वारून वीस वर्षं झाली होती. ब्रॉनविनला ते खटकलं, पण अकरा वाजले होते आणि भट्टीत केक होता.

दुपारच्या जेवणानंतर मुकादम गार्थ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात.

"ब्रॉन, जरा शेडमध्ये ये."

"काय झालं?"

"मी काही बोलत नाही. तू ये आणि बघ."

शेडमध्ये यंत्रं चालू होती, पण माणसांच्या तोंडाला कुलूप. नोलीन टेबलाची कड धरून उभी होती. पाय फाकलेले, हनुवटी वर, खालचा ओठ ओला. तोंड लालबुंद. समोर उत्तम लोकर पडली होती आणि नोलीन ती उचलून पोटाखालच्या रद्दी लोकरीच्या खणात भरत होती, अगदी मन लावून. गासड्या बांधणारा तिच्या पाठीमागून ती गुपचूप परत काढत होता. ब्रॉनविन दारातच थांबली. हे उभं राहणं ती सातव्या वर्षापासून ओळखत होती. शाळेतून येऊन फाटकाशी पोचलं की आई ओसरीवर अशीच उभी असायची. तिला आणखी काही बघायची गरज नव्हती.

ती जवळ गेली आणि यंत्रांच्या वरचा आवाज काढून म्हणाली, "किती प्यायलीस?"

नोलीननं मान वळवली. उघडा डोळा मुलीवर स्थिरावायला वेळ लागला. "ते... ते पाणी नाही," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "मी नाही... खाली दार आहे ना गं, तिथं..."

"नऊ वर्षं," ब्रॉनविन म्हणाली. "माणसांसमोर तमाशा करायला नऊ वर्षं थांबलीस होय."

एकेक यंत्र बंद झालं. कोणीतरी मागं फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. नोलीनचा चेहरा हलला, ती काहीतरी सांगायला धडपडत होती आणि तिला शब्द सापडत नव्हता. ती एवढंच म्हणाली, "ब्रॉन, डोकं."

"दुखणारच," ब्रॉनविन म्हणाली.

तिनं आईची खोली उलथीपालथी केली. गादी उचलली, बुटांत हात घातले, पाण्याच्या टाकीमागं बघितलं. बाटली सापडली नाही. तिचा राग आणखी चढला, कारण लपवण्यात आई पहिल्यापासून हुशार होती. गार्थनं आपली गाडी दिली. म्हणाला, घरी नेऊन झोपव, उतरेल तेव्हा बघू. बोलताना तो ब्रॉनविनकडं बघत नव्हता, आणि त्याची कणव तिला आईच्या वागण्यापेक्षाही जास्त झोंबली.

कुरांगी दोन तासांवर. वाटेत नोलीन दोनदा ओकली. एकदा म्हणाली, आवाज बंद कर. गाडीत कसलाच आवाज नव्हता. उजेड सहन होत नसल्यासारखा तिनं चेहरा हातांत लपवला होता. तिचा दंड चटका बसावा इतका तापला होता. उन्हानं, ब्रॉनविनला वाटलं. त्या गाडीत सगळंच तापलं होतं.

घरी आईला पलंगावर टाकून तिनं एक बादली आणि पाण्याचा जग शेजारी ठेवला. मग तिनं अंगणात उभ्या असलेल्या आईच्या गाडीची किल्ली खिशात घातली, नाहीतर ती गुत्त्यावर जाईल. फोनही घेतला, नाहीतर कोणाला तरी फोन करून मागवील. निघताना बाहेरून दाराला कुलूप लावलं. संध्याकाळी सहाला ती यारामावर परत होती आणि चॉप्स भाजत होती. कोणी काही विचारलं नाही. त्या रात्री तिला छान झोप लागली, हे तिला पुढं कधी विसरता आलं नाही.

गुरुवारी पाच वाजता चर्चच्या मागच्या खोलीत क्लॅरीनं नोलीनची खुर्ची रिकामी पाहिली. तशी ती यारामावर असणार होती, खुर्ची रिकामीच असायची. पण बैठकीला आलेल्या टपालवाल्या बाईनं सांगितलं की काल दुपारी गार्थची गाडी नोलीनच्या दारात दिसली होती. क्लॅरीनं फोन लावला. तो यारामाच्या स्वयंपाकघरात, मैद्याच्या डब्यामागं वाजला आणि थांबला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा क्लॅरी तिच्या घरी गेला, हाका मारल्या, आणि मागच्या खिडकीची काच दगडानं फोडून आत उतरला.

नोलीन न्हाणीघराच्या दाराशी जमिनीवर पडली होती. तिला झटके येत होते.

ॲम्ब्युलन्स बोलावल्यानंतर त्यानं फार्मवर फोन केला. शेडमधल्या फोनवर ब्रॉनविन आली तेव्हा तिचे हात पिठाचे होते.

"तूच आणलंस ना तिला?" क्लॅरीनं विचारलं.

"हो. काल. क्लॅरी, सांगणारच होते तुम्हाला, ती पुन्हा..."

"तोंडाचा वास घेतलास?"

ब्रॉनविननं पिठाचा हात एप्रनला पुसला.

"घेतलास का?"

"नाही."

"मी घेतला," क्लॅरी म्हणाला. "पन्नास वर्षं मी त्या वासात काढली आहेत, पोरी. तिच्या तोंडाला तापाचा वास आहे. दुसरं काही नाही."

तिनं वास घेतला नव्हता. लहानपणी रोज घ्यायची. शाळेतून आल्यावर आईची पापी घ्यायचं निमित्त करून ती नाक जवळ न्यायची, आणि मग दप्तर खाली ठेवायचं की शेजारी पळायचं ते ठरवायची. आईलाही ते कळायचं. सहा वर्षांपूर्वी परत आली तेव्हा नोलीननं एकच गोष्ट मागितली होती, मला हुंगू नकोस. ब्रॉनविननं कबूल केलं होतं आणि शब्द पाळला होता. काल यारामावर, गाडीत, पलंगापाशी, प्रत्येक ठिकाणी तिनं मान बाजूला वळवून धरली होती. त्यात तिला स्वतःचा थोरपणाही वाटला होता.

विमानानं नोलीनला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. ब्रॉनविन गाडीनं गेली, सात तास. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईनं तिला एका लहान खोलीत बसवून समजावलं. कपाळावर उठली होती ती नागीण. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू अंगातून जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी पडून राहतो. वय झालं, माणूस थकला की पुन्हा उठतो. बहुतेकांना फोड येतात, आग होते आणि जातं. थोड्यांच्या बाबतीत तो मेंदूपर्यंत पोचतो आणि मेंदूला सूज येते. मग ताप, डोकेदुखी, उजेड नकोसा होणं, तोल जाणं, भलतंच बोलणं. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं होतं, त्यात तो विषाणू सापडला होता. औषध शिरेतून, दिवसाला तीनदा, तीन आठवडे.

"दारू प्यायल्यासारखं दिसतं का ते?" ब्रॉनविननं विचारलं.

"दिसू शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आम्ही रक्तात दारूही तपासली होती. अजिबात नव्हती."

"एक दिवस आधी आणलं असतं तर?"

डॉक्टरीणबाईनं हातातले कागद चाळले. "फोड उठले त्या दोन-तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर कदाचित इथवर आलंच नसतं. लवकर आणणं केव्हाही चांगलं. पण त्या एका दिवसाचं मला सांगता येणार नाही."

तिनं दयेपोटी तसं सांगितलं की खरंच सांगता येत नव्हतं, हे ब्रॉनविनला कळलं नाही. तिला आकडा हवा होता. तिच्या एका दिवसानं आईचं नेमकं काय काय गेलं, त्याची यादी हवी होती.

सहाव्या दिवशी नोलीन शुद्धीवर आली. डावा डोळा निकामी झाला होता, पण उजव्यानं तिनं मुलीला ओळखलं. मग हातातली सुई, पलंगाचे कठडे, नर्स असं सगळं बघून घेतलं. तिचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"परत केलं का गं मी?" ती म्हणाली.

"काय आई?"

"गाडी चालवत होते का? कोणाला लागलं तर नाही ना?"

ब्रॉनविन म्हणाली, तू आजारी होतीस, तू प्यायली नव्हतीस, तू नऊ वर्षांत थेंब घेतलेला नाहीस. नोलीननं समजूतदारपणे मान हलवली. आपल्यासाठी कोणी भल्यापोटी खोटं बोलत असलं की माणूस हलवतो तशी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईनं साल विचारलं तर तिनं दहा वर्षांपूर्वीचं सांगितलं. पंतप्रधानाचं नावही तेव्हाचंच. घर आठवत होतं, कोरल गेल्याचं आठवत होतं, गुत्त्याचा दरवाजा कसा घासतो तेही आठवत होतं. क्लॅरी भेटायला आला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही पवनचक्कीवाले ना? आमची चालते हो नीट."

डॉक्टर म्हणाले, थोडं परत येईल, वर्षभर वाट बघा. थोडं आलंही. चालणं आलं, वॉकरच्या आधारानं. चमचा धरता यायला लागला. तुटक तुटक काही शेडची नावं आली. पण ती नऊ वर्षं आली नाहीत. तो पहिला फोन, ते गुरुवार, मुलगी तीन वर्षांनी फाटकातून आत आली ती दुपार, यातलं काहीही नाही. नोलीनच्या हिशेबी नोलीन अजून पीत होती.

ब्रॉनविननं टोळी सोडली आणि आईच्या घरी राहायला आली. गार्थला नवी लोकर बघणारी मिळाली. पुढच्या फार्मवर, आणि त्याच्या पुढच्या, लोक एकमेकांना सांगत राहिले की नोलीन हॅडो यारामावर पिऊन कोसळली. भेटेल त्याला ब्रॉनविन खरं काय ते सांगायची. लोक ऐकून घ्यायचे, अरेरे म्हणायचे. एकदा दुकानात तिला मागून ऐकू आलं, "मुलगीच ती, दुसरं काय सांगणार बिचारी." आणि पहिलं सांगणारी आपणच होतो, शेडच्या मधोमध, यंत्रांच्या वरचा आवाज काढून, हे तिला कोणाला सांगता येईना.

क्लॅरी दर गुरुवारी बैठक आटोपून घरी यायचा. नोलीनसमोर बसून तो तिला तिच्या गोष्टी सांगायचा. पहिल्या महिन्यात रोज सकाळी सहाला ती फोन कशी करायची, कातरणीच्या शेवटच्या दिवशी सगळी टोळी बिअर पीत असताना आल्याचं सरबत घेऊन मधोमध कशी बसायची. नोलीन मन लावून ऐकायची. कपाळाला केस लागला तरी ती कळवळायची, म्हणून तिचे केस पुढून कापले होते, आणि त्यामुळं ती लहान मुलीसारखी दिसायची. एकदा सगळं ऐकून म्हणाली, "चांगली बाई होती म्हणायची."

म्हातारा त्या दिवशी लवकर निघाला. ब्रॉनविन फाटकापर्यंत गेली. तो म्हणाला, "एकेक दिवस करून जमवलं होतं गं तिनं. कोणी दिलं नव्हतं." मग तो आपल्या गाडीत बसला.

दुपार कलली की नोलीन पोर्ट वाइनची बाटली विचारायची. हट्ट नाही, कुरकुर नाही. चष्मा कुठं ठेवला विचारावं तसं. नाही म्हटलं की बरं म्हणायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायची.

ऑगस्टमधल्या, थंडीतल्या एका दुपारी दोघी ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. ब्रॉनविन वाटाणे सोलत होती. सहा महिने जे तिला जमलं नव्हतं, ते ती अचानक बोलून गेली.

"आई, तू आजारी पडलीस तेव्हा मला वाटलं तू प्यायलीस. सगळ्यांसमोर बोलले मी तुला. तू डोकं दुखतंय म्हणालीस, मी ऐकलं नाही. घरी आणून टाकलं, तुझा फोन काढून घेतला आणि बाहेरून कुलूप लावून गेले. एक अख्खी रात्र आणि दिवस तू एकटी पडून होतीस."

नोलीननं ऐकलं. चांगला डोळा तिनं मुलीच्या चेहऱ्यावर ठेवला होता, आणि त्यात राग नव्हता. मग तिनं हात पुढं करून मुलीच्या गुडघ्यावर थोपटलं.

"बरोबर केलंस," ती म्हणाली. "माझ्यासारखीला असंच करायला पाहिजे."

"नाही आई. तू प्यायली नव्हतीस."

"असू दे गं. तुझी काय चूक? मी आहेच तशी."

ब्रॉनविनला तिला खांदे धरून हलवावंसं वाटलं. कर माझ्यावर राग, तुझा हक्क आहे, असं ओरडावंसं वाटलं. ज्या बाईची माफी मागायची होती, जी ताठ मानेनं म्हणाली असती की नऊ वर्षांत तुला एवढंही कळलं नाही का, ती बाई या ओसरीवर नव्हतीच. समोर होती ती जुनी आई, सगळं आधीच कबूल करून बसलेली.

दुसऱ्या दिवशी नोलीनला ते बोलणं आठवत नव्हतं. ब्रॉनविननं आणखी दोनदा सांगून पाहिलं, एकदा थंडी सरल्यावर, एकदा नाताळच्या आधी. दोन्ही वेळेला उत्तर तेच आलं, शब्दही जवळजवळ तेच. त्यानंतर तिनं सोडून दिलं. रोज दुपारी आई बाटली विचारते, ब्रॉनविन नाही म्हणते, आणि चहाचं आधण ठेवायला आत जाते.